तारपा घुमतो तेव्हा फुफ्फुसं काय करतात?

भात तयार होऊ लागलं की तलासरीतल्या झरीपासून डहाणूपर्यंत वारली पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमतं. मधोमध वादक, भोवती एकमेकांना धरून नाचणारा फेर. गंजाडचे चित्रकार, पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हा फेर जगभर पोहोचला. नाच रंगात येतो तेव्हा छातीच्या आत काय काय चाललेलं असतं, ते पाहा!

न तुटणारा सूर: वादक गालांत हवा साठवतो. गाल दाबून ती तारप्यात सोडत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो. म्हणून सूर अखंड राहतो.

सहाचे शंभर: निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना हाच आकडा 100 लिटरच्या पुढे जातो.

पाव सेकंदाची गाठ: एरवी रक्तपेशी फुफ्फुसाच्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते. जबर मेहनतीत तिला जेमतेम पाव सेकंद मिळतो. निरोगी माणसाच्या रक्तात तेवढ्यातही बहुधा पुरेसा ऑक्सिजन भरतो.

धाप लागते कशाने? ऑक्सिजन संपल्याने नव्हे! स्नायूंत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल रक्तात वाढतं, तेव्हा मेंदू श्वासाची गती वाढवतो.

श्वासालाही इंधन लागतं: अगदी दमछाक होईपर्यंत पळताना शरीराने घेतलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे 10 ते 15 टक्के श्वासाचे स्नायूच वापरतात.

दम वाढतो कुठे? सरावाने मोठ्या माणसाची फुफ्फुसं फारशी वाढत नाहीत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य जिंकलं. अशा शर्यतीत पदक मिळवायला फुफ्फुसांइतकंच कसलेलं हृदय आणि कसलेले पाय लागतात.

हे मात्र ओळखा: पळल्यावर मुलाला वारंवार खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते? श्वासनलिका आकसत असू शकतात. त्याला ‘दम नाही’ म्हणून बाजूला बसवू नका, डॉक्टरांना दाखवा. योग्य उपचार मिळाले तर तेही मैदानभर धावू शकतं.