सायकल : अडगळीत पडलेले औषध

वडूज आणि आसपासच्या गावांतील बहुतेक घरांत एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे जुनी सायकल. कुणाची गोठ्यात, कुणाची जिन्याखाली, तर कुणाची दुकानाच्या मागच्या खोलीत. चाकांत हवा नाही, चेनीला गंज, सीटवर धुळीचा थर. एके काळी याच सायकलला दुधाच्या किटल्या लटकत, मुले तिच्यावरूनच शाळेला येत आणि एसटी स्टँडवरून पाहुणेही तिच्याच कॅरिअरवर बसून घरी पोहोचत. पुढे दारोदार मोटारसायकल आली आणि सायकल अडगळीत गेली.

याच काळात मधुमेह आणि रक्तदाब हे पूर्वी शहरी समजले जाणारे विकार आपल्या दवाखान्यांच्या बाकावर येऊन बसले. सगळा दोष मोटारसायकलच्या माथी मारणे योग्य नाही. खाणेपिणे बदलले, काळज्या वाढल्या, तंबाखू काही सुटली नाही. परंतु शरीराची हालचाल कमी झाली, हे मोठे कारण आहेच.

याविषयीचे एक जुने संशोधन सांगण्यासारखे आहे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांच्या प्रकृतीचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून. वाहक दुमजली बसचा जिना सतत वर-खाली करणारे. हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांमध्ये जास्त आढळले. बस तीच, पण एकाचे पाय चालत होते आणि दुसऱ्याचे नाही. दिवसभर गल्ल्यावर किंवा टेबलाशी बसणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

गुडघेदुखी आणि सायकल

माझ्या दवाखान्यात येणारे एक दुकानदार आहेत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, वजन बेताबाहेर, रक्तातील साखर वाढलेली. चालण्याचा विषय काढला की म्हणायचे, "डॉक्टर, हवी तर गोळी वाढवा, पण चाला म्हणू नका. गुडघे बोलतात." त्यांची अडचण खोटी नव्हती. मी विचारले, "अण्णा, घरात सायकल आहे का?" ते हसले. म्हणाले, "या वयात सायकल चालवली तर लोक म्हणतील, दुकान बुडाले वाटते!"

ही लोकलाज पुष्कळांना घरी बसवते. वास्तविक गुडघे कुरकुरणाऱ्यांना सायकल बहुधा चालण्यापेक्षा सोयीची पडते. चालताना दर पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर येतो. सायकलवर तो बराचसा सीट उचलते. मांडीचे स्नायू बळकट होतात आणि त्यांचा आधार गुडघ्यालाच मिळतो. मात्र सीटची उंची बरोबर हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय जवळजवळ सरळ झाला की उंची योग्य समजावी. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते. त्यामुळे वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते आणि बोल मात्र सायकलला लागतो.

वडूज ते येरळवाडी

व्यायामाचा कंटाळा येतो तो मैदानाला त्याच त्या फेऱ्या मारून. वडूजकरांना ही अडचण नसावी. गावाला नदी आहे आणि नदीच्या वाटेवर तळे आहे. खटाव तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरात उगम पावलेली येरळा नेरच्या तलावातून खाली वडूजला येते, पुढे सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आपला भाग पर्जन्यछायेचा. नदीत पाणी थोडे दिवस, वाळू आणि खडक फार दिवस. तरीही वडूजच्या खालच्या अंगाला येरळवाडीचा तलाव आहे आणि सकाळच्या उन्हात तो पाहणे हे सुख आहे.

रविवारी पहाटे आम्ही चार-पाच जण हुतात्मा स्मारकाशी जमतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात हुतात्मे झालेल्यांची आठवण येथे आहे. तेथून नदीच्या अंगाने, ज्वारी आणि उसाची राने बघत, वस्त्यांवरील कुत्र्यांना चुचकारत येरळवाडीला जायचे. तलावाकाठी अर्धा तास बसायचे आणि आतल्या दुसऱ्या रस्त्याने वळसा घेऊन परतायचे. वाट कोणती धराल त्याप्रमाणे ही फेरी वीस ते पंचवीस किलोमीटरची होते. थंडीत तलावावर बदके आणि लांब पायांचे पाणपक्षी असतात. काही वर्षी पाणी उथळ झाले की गुलाबी पंखांचे रोहित पक्षीही उतरतात. ते आले असतील तर लांबूनच पाहावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाताना आपण नदीच्या प्रवाहाबरोबर जातो, म्हणजे एकंदरीत उतार असतो. परतीला तोच चढ होतो. त्यातच पावसाळ्याच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला की तोही आडवा येतो. म्हणून तलावावर पोहोचेपर्यंत अर्ध्याहून कमी ताकद खर्चावी.

पहिल्याच दिवशी तलाव नको

उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी तलाव गाठायचा आणि आठ दिवस अंग धरून झोपायचे, असे करू नये. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्याने रोज पंधरा मिनिटे पुरेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अर्धा तास. पाचव्या आठवड्यात एखाद्या दिवशी तास. सहाव्या-सातव्या आठवड्यात संथपणे तलावाची फेरी करावी. वेग किती असावा? शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. एक वाक्यही पुरे करता येत नसेल तर वेग कमी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. रविवारच्या फेरीची ९० मिनिटे धरली आणि बाजारहाट, बँक, शेत या कामांसाठी पाच दिवस रोज १५ मिनिटे सायकल वापरली, तर बेरीज १६५ होते. वेगळा वेळ काढावा लागला तो फक्त रविवारी.

यांनी जपावे

पूर्वी हृदयविकार झालेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, चालताना छातीत भरून येत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सायकल चालवताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असे काही झाले तर "थोडेच राहिले आहे" म्हणू नये. उतरून बसावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेह असणाऱ्यांना सायकलचा फायदा विशेष. काम करणारे स्नायू रक्तातील साखर खेचून घेतात आणि हा परिणाम पुढे दिवसभर तरी टिकतो. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड नसावा. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली येण्याचा धोका असतो. उपाशीपोटी निघू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबून तीन चमचे साखर खावी आणि पंधरा मिनिटे बसावे. बरे वाटल्यावर काहीतरी खाऊन मगच पुढे जावे.

पाण्याची बाटली सर्वांनीच घ्यावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने चार घोट प्यावेत. उन्हाळ्यात साडेआठच्या आत घरी यावे. डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचा सदरा असावा. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून लांब राहावे. भगिनींनीही संकोच करू नये, मात्र ओढणी किंवा पदर नीट खोचून घ्यावा. तो चाकात अडकून अपघात होतात.

अण्णांचे पुढे काय झाले

अण्णांनी सुरुवात केली ती पहाटेच्या अंधारात, कुणी पाहू नये म्हणून. महिन्याभराने ते उजेडात येऊ लागले. सातव्या आठवड्यात आमच्याबरोबर तलावावर आले आणि काठावर बसून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षांनी आलो इथे." तीन महिन्यांनी त्यांची तपासणी केली. साखर उतरली होती, वजन चार किलोंनी कमी होते. त्यांना वाटले, आता गोळ्या बंद. मी एक गोळी कमी केली, दुसरी ठेवली. ते थोडे नाराज झाले. पण सायकल हे औषधाला जोड देणारे औषध आहे, औषधाला रजा देणारे नव्हे. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांनी, स्वतःच्या मनाने नाही.

आपल्याच तालुक्यातील औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार जन्मभर केला, संस्थानातील शाळांत तो सुरू केला आणि १९३८ साली इंग्रजी पुस्तकातून तो सातासमुद्रापार नेला. त्यांचा आग्रह व्यायाम रोज करण्यावर होता आणि राजा स्वतः तो करीत असे. व्यायामात कमीपणा नाही, हे याहून चांगले कोण सांगणार?

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एवढेच करा. सायकल बाहेर काढा, दुकानात नेऊन ब्रेक तपासून घ्या, चेनीला तेल आणि चाकांत हवा भरून घ्या, सीट वर घ्या. आणि उद्या सकाळी पंधरा मिनिटे, फक्त पंधरा मिनिटे, नदीपर्यंत जाऊन या.