आधी काय तपासावे?

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात नगरपरिषदेची कर्तव्ये आपण दोन गटांत शिकतो : बंधनकारक आणि ऐच्छिक. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात तशी विभागणीच आहे. ही यादी पाठ केली की परीक्षेचे काम भागते. परंतु सगळीच कामे बंधनकारक आणि माणसे मात्र मोजकी, अशी स्थिती असेल तर आधी कोणत्या कामाला हात घालावा, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. प्रस्तुत लेखात मला या अग्रक्रमाचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या शेगावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी या दिवसांत गावात गावापेक्षा पाहुणेच अधिक होतात. रेल्वेने, एस.टी.ने आणि पायी दिंडीने आलेला हा भाविक येथले पाणी पितो, येथली कचोरी खातो, येथून पेढे घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावी परततो. पोट बिघडले तर ते घरी गेल्यावर बिघडते. तक्रार करायला तो पुन्हा येथे येत नाही. म्हणजे ज्याच्या रक्षणाची गरज सर्वांत मोठी, त्याचाच आवाज सर्वांत क्षीण.

त्याचे रक्षण करावयाचे कोणी? एखादे खाद्यपदार्थांचे दुकान डोळ्यांसमोर आणा. तेथील तेल आणि चटणी तपासण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आहे. पेढे ज्या तराजूवर तोलले, तो वैधमापन निरीक्षकाच्या अखत्यारीत. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरला असेल तर पुरवठा खात्याने पाहावयाचे. दुकानाची पायरी रस्त्यावर आली आणि सांडपाणी उघड्यावर सोडले तर नगरपरिषदेने. समोर गर्दी तुंबली तर पोलिसांनी. दुकान एक, दारे पाच! प्रत्येक खात्याची वही निराळी आणि प्रत्येकाचे 'महत्त्वाचे काम' निराळे.

अशा वेळी जे काम सोपे, तेच आधी होते. हातगाडी डोळ्यांना दिसते, उचलता येते आणि उचलल्याची नोंद संध्याकाळपर्यंत कागदावर येते. टाकीतल्या पाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून 'किती कारवाया केल्या' ही मोजणी फसवी आहे. कोणते अरिष्ट टळले, हे विचारावयास हवे.

माझ्या मते अग्रक्रम ठरविताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, अनर्थ घडलाच तर तो किती गंभीर असेल? दुसरी, किती लोक त्याच्या तडाख्यात सापडतील? तिसरी, ग्राहकाला तो धोका स्वतः ओळखता येईल काय? शिळी कचोरी नाकाला कळते, दूषित पाणी कळत नाही. वजनातली लबाडी वाईटच. पण तिने खिसा कापला जातो, जीव जात नाही. तेव्हा पाणी, अन्न, आग आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांचा क्रम वजनमापांच्या आधी लागला पाहिजे.

याचा अर्थ हातगाड्यांकडे कानाडोळा करावा असा मात्र नव्हे. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक प्राणांस मुकले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दाटीने लागलेली दुकाने, त्यांत भडकलेली आग आणि सिलिंडरचे स्फोट ही सारी एकत्र आली. अरुंद वाटेवरची गाडी आणि रुंद रस्त्याच्या कडेची गाडी यांत फरक करावयाचा तो येथे. पहिली हलविलीच पाहिजे; दुसरीवर माणसांची शक्ती खर्चण्याची घाई नाही. हलविलेल्याला जागा दाखविणेही कर्तव्यच आहे. त्यासाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली असून तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असतात.

खात्यांनी एकत्र येणे का अगत्याचे, याचा धडा आपल्याच तालुक्याने दिला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. प्रथम संशय पाण्यावर गेला आणि पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. पाणी एका खात्याचे, धान्य दुसऱ्याचे, रोगी तिसऱ्याचे! रोगाला खात्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

परदेशांत यावर एक तोड काढलेली दिसते. वेल्समधील कार्डिफ, ब्रिजेंड आणि व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन या तीन स्थानिक संस्थांनी मे २०१५ पासून अन्न, वजनमापे, परवाने आणि पर्यावरणीय आरोग्य यांची तपासणी एकाच सामाईक यंत्रणेकडे सोपविली. तेथे अन्नाच्या दुकानांची धोक्यानुसार प्रतवारी करतात; सर्वांत जोखमीच्या दुकानाची दर सहा महिन्यांनी तपासणी, तर कमी जोखमीच्याची दीड-दोन वर्षांनी. सर्वांना सारखेच दमात घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

आपले कायदे निराळे, म्हणून तशीच यंत्रणा येथे उभी राहील असे मी म्हणत नाही. परंतु प्रकटदिनाच्या महिनाभर आधी नगरपरिषद, आरोग्य, अन्न, वैधमापन, पुरवठा आणि पोलीस या सर्वांनी एका टेबलाशी बसून एकच यादी करणे अशक्य नाही. पहिल्या दहा जागा कोणत्या, तेथे कोण जाणार, कोणत्या तारखेला, एवढे एका कागदावर लिहावे आणि तो कागद नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. म्हणजे कोणाच्या दबावाने क्रम बदलला तर तो गावाला दिसेल. लेखी क्रमाचा खरा उपयोग हाच आहे. तो अधिकाऱ्याला बांधतो, तसाच वशिल्यापासून त्याचे रक्षणही करतो.

यात आपण विद्यार्थीही हातभार लावू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो, त्याऐवजी एक वर्ष स्टेशन ते मंदिर या वाटेवरील पाण्याच्या जागा, अरुंद वळणे आणि सिलिंडर वापरणारी दुकाने यांचा नकाशा काढावा आणि तो संबंधितांच्या हाती द्यावा. झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो. असा नकाशा पुढच्या यात्रेलाही उपयोगी पडेल.