ट्रॅक्टरच्या रंगाची निगा : धुणे, पॉलिश करणे व मेण चढविणे

खंडेनवमीच्या दिवशी गावोगाव ट्रॅक्टर धुतले जातात. पहाटेच ट्रॅक्टर हौदाजवळ आणून उभा केला जातो, वर साचलेली धूळ कोरड्या फडक्याने झटकली जाते, धुण्याच्या पावडरीचा फेस करून काथ्याने सर्व अंग खसाखसा घासले जाते आणि अखेरीस डिझेलचा बोळा फिरवून त्यास चकाकी आणली जाते. पूजेच्या वेळी ट्रॅक्टर नवाकोरा दिसतो. परंतु त्याच दिवशी सायंकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवरून नजर फिरविल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक वाटोळे ओरखडे दिसून येतात. हे ओरखडे शेतात पडलेले नसतात. ते धुताना पडलेले असतात. आठवडाभरात डिझेलच्या थरावर पुन्हा धूळ बसते, आणि ती यापूर्वीपेक्षा अधिक चिकट असते.

ट्रॅक्टर हा बहुधा कर्जाने घेतलेला असतो. त्याचे हप्ते काही वर्षे चालतात, आणि पुढे तो विकावयाचा झाल्यास गिऱ्हाईक प्रथम इंजिन ऐकते व लगेच पत्र्याकडे पाहते. रंग फुगलेला, कडेने गंज उतरलेला दिसला की किंमत पडते. म्हणून रंगाची निगा हा केवळ हौसेचा विषय मानता येत नाही.

रंगाचे काम

बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी सुरी अथवा सळई बुडवून पाहण्याची रीत द्राक्ष व पान-बागाईतदारांस परिचित आहे. मोरचूद मोकळे राहिले असेल तर लोखंडावर तांबूस थर चढतो, म्हणजेच द्रावणातील तांबे लोखंडास खाऊन त्याची जागा घेते. फवारणीच्या वेळी ट्रॅक्टरवर उडालेले मोरचुदाचे थेंब रंग उडालेल्या जागी हेच करतात. पोटॅशच्या खतातील क्लोराईड आणि कोकणपट्टीतील खारी हवा यांमुळेही गंज वेगाने वाढतो. रासायनिक खते हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने खताची पूड जेथे साचते तेथे पत्रा सतत ओला राहतो. पाभरीच्या खतपेटीचा तळ सर्वांत आधी सडतो, त्याचे कारण हेच. या सर्वांपासून लोखंडास वाचविणारे कवच म्हणजे रंग होय.

हे कवच किती पातळ आहे याची कल्पना सहसा नसते. मोटारीच्या रंगाचे सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक दशांशापासून दीड दशांशापर्यंत भरते. त्यांपैकी सर्वांत वरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केसही सहसा त्याहून जाड असतो. पुष्कळशा ट्रॅक्टरांवर असा पारदर्शक थर नसतो. तेथे रंगीत एनॅमलच उघडे असते, आणि उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मरून हाताला खडूसारखी पूड लागू लागते. तांबड्या ट्रॅक्टरांवर ही खूण लवकर दिसते.

धुणे

धुण्यातील पहिला नियम असा की कोरड्या धुळीवर फडके फिरवू नये. रस्त्यावरील मुरमाची व शेतातील रेतीची धूळ रंगापेक्षा कठीण असते. फडक्याखाली सापडलेला एकेक कण नांगराच्या फाळासारखा रंगात तास ओढीत जातो. म्हणून प्रथम भरपूर पाण्याने माती भिजवावी, पाच-दहा मिनिटे थांबावे व पुन्हा पाणी मारून जेवढी माती आपोआप निघेल तेवढी काढून टाकावी. वाळलेला चिखल खरवडू नये. त्यावर ओले पोते टाकून ठेवल्यास तो सुटून येतो.

ट्रॅक्टर सावलीत उभा करावा व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनवर किंवा धुराड्याच्या बुडावर गार पाणी पडल्यास बीड तडकण्याचे भय असते. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घालावा. एअर क्लीनरचे तोंड, सेल्फ व डायनामो प्लॅस्टिकने बांधून घ्यावेत. सर्व्हिसिंगच्या दुकानातील जोरदार फवारा पत्र्यापासून हात-दीड हात दूर ठेवावा. रेडिएटरच्या नाजूक पाती, ग्रीसची तोंडे व चिकटविलेली नावे यांवर तो थेट धरू नये.

यानंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीसाठी मिळणारा सौम्य शॅम्पू पाण्यात मिसळावा, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी ठेवावे. मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके साबणाच्या पाण्यात बुडवून वरून खाली, सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवावे. प्रत्येक भाग झाला की फडके आधी स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळून मगच पुन्हा साबणात बुडवावे. असे केल्याने माती एका बादलीत राहते व साबण दुसरीत. एकच बादली वापरली तर पत्र्यावरून काढलेली माती पुन्हा पत्र्यावर घासली जाते, आणि खंडेनवमीचे ओरखडे त्यातूनच येतात. चाके, ट्रॉली व रोटाव्हेटर यांसाठी वेगळे फडके ठेवावे व ते भाग शेवटी धुवावेत. काथ्या, वाळू, राख व भांडी घासण्याची जाळी यांना या कामात थारा देऊ नये.

धुण्याची पावडर व सोडा का नको, याचा उलगडा पुढे मेणाच्या प्रकरणात होईल. शॅम्पू नसल्यास नुसत्या भरपूर पाण्याने धुतलेले बरे. डिझेलचा बोळा तर सर्वथा टाळावा. त्याने टायरचे रबर फुगते व होजपाइप खराब होतात.

धुतल्यावर पाणी अंगावर वाळू देऊ नये. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. थेंब वाळला की क्षार पांढऱ्या ठिपक्याच्या रूपाने मागे राहतात. ठिबकाच्या नळ्या ज्या क्षारांनी तुंबतात तेच हे क्षार होत. ठिपके पडलेच तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून त्या जागेवर ओले फडके अर्धा-एक मिनिट ठेवावे व लगेच स्वच्छ धुवावे. ठिबकाच्या नळ्या धुण्याचे आम्ल मात्र ट्रॅक्टरला कधीही लावू नये. काही शेतकऱ्यांनी हा प्रयोग केलेला दिसतो, आणि त्याचा परिणाम पत्र्यावर कायमचा राहतो.

झाडाखाली उभ्या केलेल्या ट्रॅक्टरवर पाखरांची विष्ठा व आंब्यावरील तुडतुड्यांचा चिकटा पडतो. दोन्ही उन्हात रंगावर डाग पाडतात, म्हणून सापडतील त्याच दिवशी काढावेत. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवावे व डाग उचलून घ्यावा, घासू नये. उसाच्या रसाचे व पूजेतील हळदी-कुंकवाचे डागही त्याच रीतीने दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता टिपून घ्यावेत. धुण्याची जागा विहीर, ओढा व गुरांच्या पाणवठ्यापासून दूर असावी, कारण पाण्याबरोबर तेल, ग्रीस व फवारणीच्या औषधांचे अंशही वाहून जातात.

पॉलिश

पॉलिश आणि मेण या दोन वस्तू एकच आहेत, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज दूर करणे अगत्याचे आहे, कारण त्यांचे कार्य परस्परविरुद्ध आहे. मेण रंगावर थर चढविते. पॉलिश रंगाचा थर काढते. विळ्यास धार लावली की पाते उजळते, पण प्रत्येक वेळी थोडे झिजतेही. पॉलिशचे तसेच आहे. त्यातील अतिसूक्ष्म कण मेलेला पापुद्रा व बारीक ओरखडे घासून टाकतात व खालचा ताजा रंग उघडा करतात. केसाहून पातळ थरावर ही धार वारंवार लावून चालणार नाही, हे उघड आहे.

म्हणून रंग फिका पडला असेल, हाताला पूड लागत असेल, तेव्हाच पॉलिश करावे. वर्षातून एकदाहून अधिक नको. बाजारात रबिंग कंपाउंड या नावाने मिळणारा प्रकार भरड असतो. नवशिक्याने बारीक पॉलिशनेच आरंभ करावा. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही. त्याचा नाद सोडावा.

प्रथम मडगार्डच्या आतील बाजूस, सहसा न दिसणाऱ्या जागी, वीतभर भागावर परीक्षा घ्यावी. नंतर हातभर चौरसाएवढा भाग घेऊन थोडे पॉलिश मऊ फडक्याने मध्यम दाबाने फिरवावे व स्वच्छ फडक्याने पुसावे. ट्रॅक्टरच्या एनॅमलवर काम करताना फडक्यास रंग लागतो. त्याने घाबरू नये. तो मेलेला रंग होय. परंतु फडके भराभर रंगू लागले तर थांबावे. पत्र्याच्या कडा व उंचवटे यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तेव्हा तेथे चिकटपट्टी लावून घेणे उत्तम. गॅरेजमधील फिरते यंत्र नवख्याच्या हाती देऊ नये. कडेवर ते क्षणभर रेंगाळले तरी खालचा प्रायमर दिसू लागतो.

मेण

द्राक्षाच्या मण्यावरील पांढुरकी झाक हे मेणच होय. त्या मेणामुळे मण्यातील पाणी बाहेर उडून जात नाही. बेदाणा करणारे तासगावकडील शेतकरी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवितात, ती हाच मेणाचा अडसर मोडण्यासाठी. मग मणी लवकर वाळतो. धुण्याचा सोडाही त्याच जातीचा क्षार आहे. ट्रॅक्टरवर चढविलेल्या मेणाला साबणाची तीव्र पावडर तेच करते जे बेदाण्याचे द्रावण मण्याला करते.

मोटारीच्या मेणात नावाजलेले कार्नोबा मेणही झाडाच्याच पानावरून येते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एक ताड कडक कोरड्या हवेत आपले पाणी राखण्यासाठी पानांवर हे मेण धरतो. पाने वाळवून ते झाडून घेतात. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उन्हाने तापलेल्या पत्र्यावरही टिकाव धरते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांस वितळते व उन्हाने मऊ पडून धूळ धरते. नुसते ते चोळण्यात लाभ नाही. मेण व टर्पेंटाइन चुलीवर एकत्र वितळविण्याचा घरगुती उद्योग तर आगीस आमंत्रण होय. कारखान्यात तयार झालेले कृत्रिम लेप अधिक काळ टिकतात. परंतु भारी किमतीचे सिरॅमिक लेप शेतावर राबणाऱ्या ट्रॅक्टरास आवश्यक वाटत नाहीत.

मेण थंड, स्वच्छ व पूर्ण कोरड्या पत्र्यावर लावावे. बॉनेट व दोन्ही मडगार्डांना सुपारीएवढे मेण पुरते. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. थर धुकट दिसू लागला की कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. काळ्या प्लॅस्टिकवर, काचेवर, तसेच आसन व पायऱ्या यांवर मेण लावू नये. पहिल्यावर पांढरे डाग राहतात आणि पायरीवरून चालकाचा पाय घसरतो. गंजावर मेण चढविणे व्यर्थ आहे. गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा, रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर एनॅमल द्यावे, आणि हा रंग काही आठवडे पुरता मुरल्यावरच मेण लावावे.

मेण किती दिवस टिकेल हे काम, ऊन व धुणे यांवर अवलंबून आहे; दोन-तीन महिने हा साधारण अंदाज धरावा. मे महिन्याअखेर, पावसापूर्वी, एक हात द्यावा आणि खरिपाचा चिखल संपल्यावर दुसरा. थर उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी बॉनेटवर ओंजळभर पाणी टाकावे. अळूच्या पानावरच्याप्रमाणे थेंब गोल होऊन ओघळले तर मेण शिल्लक आहे. पाणी चादरीसारखे पसरले तर ते संपले. अवजारे भाड्याने देणाऱ्या गटांचे ट्रॅक्टर सर्वांचे असल्यामुळे कोणीच धूत नाही, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. अशा गटांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तेलबदलाच्या नोंदीशेजारी धुण्याची व मेणाची तारीख आणि ते काम करणाऱ्याचे नाव लिहिण्याचा एक रकाना वहीत आखून द्यावा.