जुन्या गाडीला नवे शॉकअप: घेताना काय पाहावं?

ब्रेकवरचा भाग झाल्यानंतर सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते शॉकअब्सॉर्बरबद्दल. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याला शॉकअप म्हणतात, इकडे गुरुग्राममध्ये मिस्त्री शॉकर म्हणतो. वस्तू एकच. कोणाकडे वडिलांची पद्मिनी आहे, कोणाकडे अँबेसेडर, कोणी लष्कराच्या लिलावातली जिप्सी घेतली आहे, तर कोणी पहिल्या पिढीतली मारुती ८०० जपून ठेवली आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: जुना शॉकअप गेला, आता कोणता बसवू?

उत्तर देण्याआधी एक गैरसमज दूर करू. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं, मग ती कॉइल असो, टॉर्शन बार असो वा पाटे. चाक खड्ड्यातून गेलं की स्प्रिंग दबते, मग उसळते, आणि तिला सोडून दिलं तर ती झुलतच राहते. तो झोका थांबवणं हे शॉकअपचं काम. आतला पिस्टन तेलात वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जबरदस्तीने जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलते. म्हणून गाडी एका बाजूला बसली असेल, तर नवा शॉकअप घेऊन ती उठणार नाही. आधी पाटा तुटला आहे का, कॉइल बसली आहे का, ते पाहा.

आता हे महत्त्वाचं का? चाक रस्त्याला टेकलेलं असेल तरच ब्रेक लागतो आणि स्टिअरिंग ऐकतं. शॉकअप मेलेला असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काही उपयोग नाही. ब्रेकवर तुम्ही कितीही खर्च करा, शॉकअप रिकामा असेल तर गाडी थांबायला जास्त अंतर घेणारच. ही आरामाची गोष्ट नाही, मागे बसलेल्या घरच्या माणसांच्या सुरक्षेची आहे.

आधी रोग ओळखा

सगळ्यांना माहीत असलेली तपासणी म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोनतीनदा झुलली तर शॉकअप गेला. पण पाट्यांच्या गाडीत ही तपासणी फसवते. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेच झोका थांबतो आणि मेलेला शॉकअपही पास होतो.

म्हणून आणखी तीन गोष्टी पाहा. एक, शॉकअपच्या अंगावर तेल. दांड्याजवळ हलका ओलसरपणा चालतो, पण तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर सील गेलं. दोन, टायर. टायरच्या घेरावर हात फिरवला आणि चढउतार लागले, तर चाक उड्या मारत होतं असं समजा. चाकाचं बॅलन्सिंग आणि बेअरिंगही त्याच वेळी तपासा. तीन, ही माझी आवडती तपासणी. खडबडीत रस्त्यावर दहापंधरा किलोमीटर गाडी चालवा, थांबवा आणि डाव्या-उजव्या शॉकअपला हाताची मागची बाजू लावून पाहा. काम करणारा शॉकअप गरम होतो. एक गरम आणि जोडीदार थंडगार असेल, तर थंड असलेला कामचुकार आहे. सायलेन्सरपासून हात सांभाळा.

गाडीखाली काय आहे ते पाहा

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन, मागे पाटे. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आणि पुढे-मागे आडवा कडक ॲक्सल. मारुती ८०० ची गंमत वेगळी आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती दिली. ती गाडी इथेच, तेव्हाच्या गुडगावच्या कारखान्यात बनली. त्या पिढीच्या ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे पाटे होते. १९८६ मध्ये दुसरी पिढी आली, तिला मागे कॉइल स्प्रिंग. म्हणजे दुकानात जाऊन 'मारुती ८०० चा मागचा शॉकर द्या' एवढं सांगून भागत नाही.

स्ट्रट म्हणजे नुसता शॉकअप नव्हे. चाकाचा तोल आणि कोन त्याच्यावर अवलंबून असतो. तो बदलला की व्हील अलाइनमेंट करायलाच हवं.

माप: सगळी खरी निवड इथे होते

लष्करात एम.टी. पार्कमध्ये एक शिस्त असते: सुटा भाग मागण्याआधी जुना भाग टेबलावर ठेवून मापायचा. तीच शिस्त इथे लावा. चार मापं कागदावर लिहा.

पहिलं, जास्तीत जास्त लांबी. चेसिस स्टँडवर घ्या, चाक लोंबकळू द्या आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. दुसरं, कमीत कमी लांबी. गाडी चाकांवर उभी असताना तेच अंतर मोजा, त्यातून ॲक्सल आणि बंप स्टॉपचं रबर यांमधली फट वजा करा, आणि रबर दबेल त्यासाठी आणखी दहा मिलिमीटर वजा करा. तिसरं, दोन्ही टोकांची बांधणी: डोळा आहे की आटे असलेली पिन, बोल्टची जाडी किती, बुशची रुंदी किती. चौथं, अंगाची जाडी, म्हणजे तो टायरला किंवा ब्रेकच्या पाइपला घासणार नाही.

उदाहरण घेऊ. लोंबकळताना ४१० मिलिमीटर भरलं. उभ्या गाडीत ३४० भरलं, फट ६०, रबराचे १०. म्हणजे कमीत कमी २७०. तर नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर ४२० पेक्षा कमी नको आणि पूर्ण दबल्यावर २६० पेक्षा जास्त नको. दोन्हीकडे दहा मिलिमीटरची मोकळीक. लांब शॉकअप घेतला तर मोठ्या स्पीडब्रेकरवर तो स्प्रिंगआधी तळाला आपटेल आणि वाकेल. आखूड घेतला तर चाक खाली जाताना तोच दोरीसारखा ताणला जाईल आणि वरची बांधणी उपटेल. गुरुग्रामच्या सेक्टरांतले पांढरा पट्टा नसलेले स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

काही गाड्यांत चाकाची खालची मर्यादा शॉकअपनेच ठरवलेली असते. तिथे मूळ लांबीत अजिबात फरक करू नका.

तेलाचा की गॅसचा?

दुकानदार हमखास सांगेल, 'साहेब, गॅसवाला घ्या, लेटेस्ट आहे.' थांबा. जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात, आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर हवा. सतत खड्डे लागले की हवा तेलात मिसळते, फेस होतो आणि शॉकअप पोकळ लागतो. त्यावर उपाय म्हणून हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. हा प्रकार बहुतेक जुन्या गाड्यांना मानवतो.

तिसरा प्रकार एका नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा. थंड छान राहतो, पण गॅस दांड्याला सतत बाहेर ढकलतो. हलक्या जुन्या गाडीत त्याने गाडी थोडी उचलली जाते आणि चाल कडक होते. वेगात डोंगरी रॅली करायची नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता कडकपणाबद्दल. चांगला शॉकअप दाबताना तुलनेने सहज जातो आणि ओढताना जास्त विरोध करतो, कारण उसळणाऱ्या स्प्रिंगला आवरायचं असतं. 'हार्ड' म्हणून विकले जाणारे शॉकअप मऊ स्प्रिंगच्या गाडीला लावले, तर प्रत्येक धक्का थेट बॉडीत जातो. चाळीस वर्षं जुन्या पत्र्याच्या जोडांना ते सोसत नाही. परदेशी गाड्यांसाठी कोनीसारख्या डच कंपनीचे कडकपणा बदलता येणारे शॉकअप मिळतात. ते महाग असतात, पण मूळ भाग मिळतच नसेल तर विचार करण्यासारखे.

दुकानात

आपल्याकडे हा उद्योग जुना आणि चांगला आहे. गॅब्रिएल इंडिया १९६१ ची, तिचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. इथे गुरुग्राममध्ये १९८५ पासूनची मुंजाल शोवा आहे. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिल घ्या. काश्मिरी गेट असो वा मुंबईचा चोरबाजार, नकली डबे सगळीकडे असतात.

हातात घेऊन पाहा. दांड्यावरचा क्रोम आरशासारखा हवा. ओरखडा किंवा गंजाचा ठिपका म्हणजे सील लवकर फाटणार. शॉकअप उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. मग चाल एकसारखी लागली पाहिजे. मध्येच मोकळा पट्टा आला किंवा खडखड झाली तर परत करा. जोडीतले दोन्ही सारखे लागले पाहिजेत.

'ओरिजिनल, तीस वर्षं डब्यात बंद' असा माल दाखवला तर हुरळून जाऊ नका. डबा जुना असणं कौतुकाचं, पण सीलचं रबर डब्यातही कडक होतं. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला चालेल, चालवायच्या गाडीला नाही.

रिपेअर केलेल्या शॉकरबद्दलही लोक विचारतात. कारखान्यात वाकवून बंद केलेली नळी कापून, हाताला येईल ते इंजिन ऑइल भरून पुन्हा वेल्डिंग केलेला शॉकअप घेऊ नका. त्या तेलाचा पातळपणा झडपांशी जुळत नाही. अपवाद मॉरिस मायनरसारख्या गाड्यांचा. त्यांना दांडपट्ट्यासारखा हात असलेले लिव्हर शॉकअप असतात. ते उघडून, बुश आणि सील बदलून, योग्य तेल भरून पुन्हा वापरता येतात. तो मूळ भाग टाकून देऊ नका.

बसवताना

नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आतली हवा काढण्यासाठी बसवण्याआधी उभा धरून पाचसहा वेळा चालवा. दांडा पकडीने धरू नका. सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे: रबर बुशचे बोल्ट गाडी लोंबकळत असताना घट्ट करतात. मग गाडी खाली आली की बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, मगच घट्ट करा. आठवड्याने पुन्हा तपासा.

कायद्याची बाजू

एनसीआरमधल्या मंडळींना हे सांगायलाच हवं. इथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. त्यानंतरही न्यायालयात बदल होत राहिले आहेत, म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी ताजी स्थिती आरटीओत विचारा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हीए' क्रमांकाने व्हिंटेज नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. पहिल्या ८०० ला पन्नास वर्षं पूर्ण होतील डिसेंबर २०३३ मध्ये.

म्हणून शॉकअप बदला, पण त्यासाठी चेसिस कापून नवे ब्रॅकेट वेल्ड करू नका. बोल्टने बसतो आणि बोल्टने निघतो, तोच भाग चांगला. जुने शॉकअप आणि मूळ कंस खूण करून घरात ठेवा. पुढे नोंदणीच्या वेळी कामाला येतील. मूळ बांधणी कशी होती हे पाहायचं असेल, तर गुरुग्रामजवळ तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. मुलांना घेऊन जा, आणि गाड्यांच्या चकाकीबरोबर जरा वाकून खालीही बघा.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा: आधी स्प्रिंग आणि टायर, मग माप, मग प्रकार, शेवटी ब्रँड. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि पैसे दोनदा मोजतात. मापं काढताना गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा आणि चाकांना ओट लावा. पुढच्या भागात स्टिअरिंगमधला खेळ कसा मोजायचा ते पाहू. जय हिंद.