सरळ विचारा, मग ऐका

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावात 'मला नैराश्य आलंय' असं सहसा कुणी म्हणत नाही. डोकं जड आहे, झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, असं सांगतात. हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल, तर तो आळस नव्हे. आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

'माझं ओझं उतरेल तुमच्यावरचं' असं कुणाचं बोलणं, निरवानिरव करणं, अचानक अबोल होणं दिसलं, तर जवळ बसून थेट विचारा, "भाऊ, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'लेकरांकडं बघ' हे मात्र नको. अपराधीपणाने तो आधीच वाकलेला असतो. फवारणीची औषधं काही दिवस घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात राहू द्या. धोका दिसत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात सोबत जा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करू नयेत.

राज्याने 2015 मध्ये शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत. त्याबद्दल गावातल्या आशाताईंना विचारायला संकोच नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यामुळे, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखालचा मानलं जातं. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळण्याचं कारण नाही.

मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस : 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतही. सोबत करणाऱ्यानेही फोन करावा.