खातो, पण अंगाला का लागत नाही?

घरातला छोटा कुत्रा "खातो, पण अंगाला लागत नाही," ही तक्रार आरोग्य शिबिरात माणसांचा रक्तदाब मोजता मोजता आमच्या कानावर हटकून येते. आम्ही पशुवैद्य नाही. पण बाळाचे वजन घटले की परिचारिका जी चौकशी करते, ती इथेही कामी येते.

आधी वजन करा. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. तीन किलोच्या कुत्र्याचे तीनशे ग्रॅम घटले तर कुणाच्या लक्षात येत नाही. पण साठ किलोच्या माणसाचे सहा किलो घटावेत, तसेच ते आहे. पॉमेरियनसारख्या केसाळ कुत्र्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबूच नका. केसांखाली हात घालून बरगड्या चाचपा. त्या हलक्या हाताला लागाव्यात, टोचू नयेत. पाठीचे मणके आणि कमरेची हाडे टोचत असतील तर तो नक्कीच अशक्त आहे.

लगेच ताटली भरू नका. अन्न कुठे जाते ते आधी शोधा. पिल्लांत बहुधा जंत असतात. घरातली माणसाची जंताची गोळी अर्धी करून देण्याची सवय घातक आहे. औषध वजनावर ठरते आणि ते पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावे. हे जंत मुलांनाही होतात, म्हणून कुत्र्याला हाताळल्यावर हात धुवायला लावा. छोट्या जातींच्या हिरड्या लवकर सुजतात. भूक असूनही तोंड दुखते म्हणून तो खात नाही. गोचीडतापातही वजन उतरते. भरपूर खातो, पाणी खूप पितो, सारखी लघवी करतो आणि तरी वाळतो, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-चपाती. बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय त्यात प्रथिने पुरेशी नसतात. तीन किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात. उकडलेल्या एका अंड्यात सत्तरच्या आसपास असतात. मऊ भात, अंडे, हाडे काढलेले उकडलेले चिकन हे बिनमिठाचे, बिनमसाल्याचे द्या. कायम घरचेच देणार असाल तर कॅल्शियमचे डॉक्टरांना विचारा. वाढवायचे ते आठवडाभरात थोडे थोडे, दिवसातून तीन वेळा विभागून. लवकर बाळसे धरावे म्हणून तूप ओतू नका, स्वादुपिंडाला सूज येते. आपल्या भांड्यातला रस्साही नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, चॉकलेट, शिजलेली हाडे हीदेखील वर्ज्य.

अगदी छोटे पिल्लू काही तास उपाशी राहिले तरी त्याची साखर उतरते. ते लडखडले, थरथरले, मलूल झाले तर हिरड्यांना साखरेचे पाणी चोळा आणि तडक दवाखाना गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

वजन भरले की वाढवलेला घास पुन्हा कमी करा. इथे लाड आडवे येतात! जाड झालेल्या छोट्या कुत्र्याचे गुडघे दुखू लागतात, श्वासाला धाप लागते. दर पंधरा दिवसांनी तारीख आणि वजन त्याच्या लसीच्या कार्डावर लिहा आणि दवाखान्यात जाताना ते कार्ड बरोबर न्या.