जुनं फणसाचं फर्निचर घरीच गडद करायचंय? पावसात घाई नको, आधी जुनं पॉलिश ओळखा

कट्टा (मालवण) : चतुर्थी जवळ आली की माळ्यावरचा चौरंग खाली येतो आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "ह्येका एकदा पॉलिश मारूक व्हया." मग बाजारातून गडद रंगाचा डबा येतो, ब्रश फिरतो आणि पुढे आठवडाभर तो चौरंग हाताला चिकटत राहतो. कुठे डाग, कुठे पांढरट पट्टे. दोष बहुतेक वेळा डब्याचा नसतो. लाकूड ओलं असतं आणि जुनं पॉलिश काढलेलं नसतं. या दोन गोष्टी सांभाळल्या तर हे काम घरी करता येतं आणि आजोबांच्या काळातलं सामान भंगारात जात नाही.

पावसात का नको?

कपाटाचा खण पावसात अडकतो आणि मे महिन्यात सहज सरकतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. अशा लाकडात रंग नीट मुरत नाही. स्पिरिटचं पॉलिश तर पावसाळी हवेत पांढरं पडतं. स्पिरिट उडताना लाकडाचा वरचा थर गार होतो आणि हवेतली वाफ तिथेच बसते. असं झालंच तर कोरड्या दिवशी स्पिरिटने किंचित ओला केलेला बोळा हलक्या हाताने फिरवावा, पांढरेपणा बऱ्याचदा जातो.

म्हणून चतुर्थीला चौरंग पुसून स्वच्छ करा, तेवढं पुरे. रंगाचं काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत काढा.

फणसाच्या लाकडाचा स्वभाव

आपल्याकडे जुन्या घरात फणसाचं लाकूड भरपूर. ताजं कापलेलं फणसाचं लाकूड पिवळं असतं. उजेड आणि हवा लागून ते वर्षानुवर्षांत तपकिरी होत जातं. पण हा गडदपणा वरच्या पातळ थरातच असतो. घासलं की आतून पुन्हा पिवळं लाकूड दिसतं. त्यामुळे डाग पडला तेवढाच भाग घासला तर तिथे पिवळा ठिपका उठून दिसतो. घासायचं तर पूर्ण फळी घासा.

जुनं पॉलिश कुठलं, हे असं ओळखा

खालच्या किंवा मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी तपासा.

- कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन घासा. चिकट झालं, रंग बोळ्यावर आला, तर ते चपड्याचं म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश. ते स्पिरिटनेच निघतं.
- स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने सुटलं, तर लॅकर.
- दोन्हींनी हललं नाही, तर बहुधा मेलामाइन, पीयू किंवा जुनं वॉर्निश. ते घासूनच काढावं लागतं.

सनमायका असेल तर त्यात रंग मुरतच नाही. प्लायवूडवर वरचं लाकूड कागदासारखं पातळ असतं, जास्त घासलं तर आतला थर उघडा पडतो. सावंतवाडीचे चित्र काढलेले किंवा लाखकाम केलेले पाट-चौरंग असतील तर त्यांना स्पिरिट लावूच नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, चित्रही निघून येईल.

घासणं आणि रंग

आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० नंबरने, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासा. आडवं घासलेले ओरखडे रंग लावल्यावर काळे दिसतात. धूळ पुसून पाण्याचा एक थेंब टाका. थेंब गोल उभा राहिला तर पॉलिश अजून आहे, लाकडात मुरला तर तयारी झाली. लाकडातून पीठ पडत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त करा.

वुड स्टेनचा डबा नीट ढवळा, रंग तळाशी बसलेला असतो. कापडाने लावा आणि काही मिनिटांत, सुकायच्या आत, जादा रंग पुसून घ्या. चिकटपणा येतो तो इथेच, पुसायचं राहिल्यामुळे. एकदम काळाकुट्ट हात देण्यापेक्षा दोन फिके हात द्या. फिकं लाकूड पुन्हा गडद करता येतं, पण गडद झालेलं फिकं करायचं तर सगळं पुन्हा घासावं लागतं. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. आधी खालच्या बाजूला नमुना करून तो पॉलिशसकट बघा, कारण पॉलिश चढल्यावर रंग आणखी गडद दिसतो.

वरचं पॉलिश

एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्या. गरम करू नका. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करा आणि पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. हे पॉलिश पाट, चौरंग, कपाटाला छान. जेवणाच्या टेबलाला मात्र नको, गरम भांड्याचा पांढरा गोल उठतो. तिथे पीयू बरं.

या चुका महागात पडतात

- काजूच्या टरफलांचं तेल : होड्यांना, वाशांना लावतात म्हणून खुर्चीला लावू नका. कच्चं तेल कातडीला लागलं की फोड येतात.
- जुना ऑइल पेंट : घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. तो कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा.
- तेलाचे बोळे : जवसाच्या तेलाचे किंवा तेलयुक्त स्टेनचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.
- स्पिरिट : चूल, समई, विडी जवळ नको. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका. ते विषारी आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर देव्हाऱ्याला हात घालू नका. एखादा साधा पाट किंवा स्टूल घ्या. तो जमला की चौरंग आणि शेवटी कपाट. कोरीव काम असेल तर मात्र ते सुतारमेस्त्रीकडेच द्या.